फुगलेली चासी

मी इंजिन उचललं, आणि त्याची पुढची चाकं कपाटावरच राहिली.

इंजिन म्हणजे खेळण्यातलं. वीतभर लांब, गर्द हिरवं, वाफेच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल. फक्त चालायचं ते विजेवर. भुसावळला तोताराम बोंडे यांच्या बैठकीत काचेच्या कपाटावर ते ठेवलेलं होतं आणि मी त्यांच्या मुलीला बघायला गेलो होतो. मुलगी अजून बाहेर यायची होती. अशा वेळी मुलाने पाय जवळ घेऊन बसायचं असतं, पंख्याकडे बघायचं असतं आणि बाकीचं सगळं मामावर सोपवायचं असतं. मी उठलो, "अरे वा!" म्हणालो आणि सरळ हात घातला.

"मुरली!" आई दबक्या आवाजात ओरडली.

ओंकारमामाला ठसका लागला. तोतारामभाऊ खुर्चीतून अर्धवट उठले. ते वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले, उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते माझ्या हाताकडे बघत होते आणि माझ्या हातातून राखाडी रंगाचा चुरा जमिनीवर पडत होता. नेमकी त्याच वेळी इंदुमती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कसा दिसत होतो, याचं वर्णन ती आजही पाहुण्यांना करून दाखवते: एका हातात अर्धं इंजिन, दुसऱ्या हाताने फरशीवरचा चुरा गोळा करतोय, आणि तोंडाने म्हणतोय, "मी मोडलं नाही. हे आधीपासूनच मेलेलं होतं."

खरंच तसं होतं. इंजिनाचा वरचा भाग पितळी पत्र्याचा, तो ठणठणीत होता. खालची चासी, म्हणजे ज्या सांगाड्यात चाकं आणि मोटर बसवलेली असते तो, जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव होता. अशा ओतीव कामात थोडंसं शिसं मिसळलं गेलं असेल, तर वर्षानुवर्षं ते आतून पोखरत जातं. धातू फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी तो नानकटाईसारखा भुगा होतो. त्याला हात कुणी लावला याला काही महत्त्व नसतं.

ही माहिती एका वाक्यात देता आली असती. मी त्या वेळी जळगावच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवत होतो आणि एका वाक्यात काही सांगण्याची सवय माझी मोडली होती. मी कागद मागून घेतला. धातूच्या कणांची आकृती काढली. भेगा कशा पसरतात ते बाण काढून दाखवलं. चहावर साय धरली. इंदुमती समोरच्या खुर्चीत ट्रे मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याकडे बघून मी मधूनमधून "लक्षात येतंय ना?" असं विचारत होतो. शेवटी मी जाहीर केलं, "भाऊ, काळजी करू नका. नवी चासी मी बनवून देतो."

तोतारामभाऊंचा चेहरा उजळला. "होईल का सर? माझ्या वडिलांना शेडच्या फोरमनने दिलेलं इंजिन आहे हे. मी याच्यावर लहानाचा मोठा झालो, इंदूही झाली. दहा जणांना दाखवलं. सगळे म्हणतात, फेका."

"फेका म्हणणारे काय, कुणीही भेटतात," मी म्हणालो.

"फक्त एक आहे. ते घराबाहेर जायचं नाही."

"नाही जाणार. मापं घ्यायला मीच येईन."

परतीच्या पॅसेंजरमध्ये आईने विचारलं, "मुलगी कशी वाटली?"

"छान आहे," मी म्हणालो. "आणि इंजिनाचे साइड रॉड पोलादी आहेत, म्हणजे ते वाचले."

आई खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिली.

पाचसहा दिवसांनी ओंकारमामा घरी आला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. आत बराच वेळ कुजबुज चालली होती. मी मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर पुसत बाहेर बसलो होतो. मामा बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले बोंडे?"

मामाने आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. "विचार करतायत," मामा म्हणाला.

"करू देत. घाई कशाला? रविवारी मी जातोच आहे."

"कुठे?"

"भुसावळला. मापं घ्यायला."

मामाने तोंड उघडलं, पण आईने त्याच्या हातात चिवड्याची बशी दिली आणि त्याने ते बंद केलं.

रविवारी बोंड्यांचं दार तोतारामभाऊंनी उघडलं आणि मला बघून ते जागच्या जागी उभे राहिले. "सर, तुम्ही?"

"मापं घ्यायला आलो."

"तरीही आलात?"

"भाऊ, शब्द म्हणजे शब्द," मी म्हणालो. का कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला आत नेलं. मी मनात म्हटलं, सासरा तर खिशात आला. इंदुमती मात्र त्या दिवशी बाहेर आली नाही. चहा भाऊंनीच आणला. दाराच्या पडद्याआड तिची सावली दोनदा आली आणि परत गेली. लाजतेय, मी समजून घेतलं. चांगल्या घरातली मुलगी लाजणारच.

जुन्या चासीचे जे तुकडे शिल्लक होते ते वर्तमानपत्रावर जुळवून मी बारीक बारीक मापं घेतली. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलो. पितळेच्या दोन पट्ट्या घेतल्या, त्या डाग देऊन एकमेकींना चिकटवल्या, म्हणजे दोन्ही बाजू एकदमच कापल्या जाव्यात आणि आसांची भोकं दोन्हींत अगदी समोरासमोर पडावीत. मग त्या वेगळ्या केल्या, मध्ये आडवे तुकडे टाकून सांगाडा उभा केला, आणि पॉलिश करून असा चमकवला की स्टाफरूममध्ये दाखवायला नेला. वर्गातही नेला. "अचूकता म्हणजे काय, ते बघा," असं पोरांना म्हणालो. माझी ती वाक्यं आठवली की आजही मी आपोआप दुसरीकडे बघतो.

ती चासी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून मी भुसावळला गेलो. चाकं बसली. मोटर बसली. सगळी चाकं एकत्र फिरवणारे ते पोलादी साइड रॉड मात्र बसेनात. एका चाकाच्या खुंटीवर भोक आलं की दुसऱ्या चाकाची खुंटी केसभर पुढे राहायची. मी ओढून पाहिलं, वाकवून पाहिलं. भाऊ श्वास रोखून बघत होते.

"रॉड जुने आहेत," मी शेवटी निकाल दिला. "आखडले असतील."

"पोलाद आखडतं?"

आवाज पडद्याकडून आला. इंदुमती दारात उभी होती. ती माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"तसं... सहसा नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही माप कशावरून घेतलं होतं?"

"जुन्या चासीवरून."

"म्हणजे जी फुगली होती ती?"

भाऊंना एकदम नळाला पाणी आल्याचं आठवलं आणि ते मागच्या दारी निघून गेले. धातू फुगतो हे मी याच खोलीत, आकृत्या काढून, बाण दाखवून, चहा गार होईपर्यंत सांगितलं होतं. आणि मग त्याच फुगलेल्या सांगाड्याची मापं अचूक घेऊन, अचूक फुगलेला नवा सांगाडा बनवून आणला होता. पॉलिश करून.

दुसरा कुणी असता तर हसला असता. मला ते सुचलं नाही. मी चासीकडे बघत बसलो आणि मग, खरोखर काही सुचेना म्हणून, विचारलं, "मग माप कशावरून घ्यावं, असं तुम्हाला वाटतं?"

ती आत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. "जे फुगलेलं नाही त्याच्यावरून," ती म्हणाली आणि साइड रॉड उचलून तिने माझ्या हातात ठेवले.

दुसरी चासी रॉडवरून मापं घेऊन केली. ती मी कुणाला दाखवली नाही. ती बसली, पण इंजिन हाताने ढकललं की चाकं लंगडत. वाफेच्या इंजिनात डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुंट्या पाव फेरा मागेपुढे ठेवाव्या लागतात, म्हणजे एक बाजू अडली की दुसरी तिला ओढून नेते. हे मी दरवर्षी फळ्यावर काढायचो आणि परीक्षेत हमखास विचारायचो. प्रत्यक्षात तेवढाच पाव फेरा सगळ्या चाकांना द्यायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं: दुसऱ्या माणसाचे स्थिर हात. ते इंदुमतीचे मिळाले. ती डावीकडची चाकं धरायची, मी उजवीकडची हलकेच फिरवायचो. एक जुळलं की दुसरं सरकायचं. असे कित्येक रविवार गेले.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. चाकं धरल्या धरल्या ती तिथल्या गोष्टी सांगायची. अमरावतीला फोन लावणारे इतके ओरडतात की तारेची गरजच पडू नये. एक आजोबा रोज मुलाला फोन लावून मागतात आणि लागला की "काही नाही, सहज" म्हणून ठेवून देतात. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घरी आलं की कान कसे भणभणतात. मी सगळं ऐकायचो. त्याला कारण होतं. काम करताना माझ्या तोंडात छोटे स्क्रू धरलेले असत. बोललो असतो तर एखादा पोटात गेला असता.

आई त्या काळात मला काही विचारत नसे. मामा तर घरी यायचाच बंद झाला होता. मला वाटलं, लग्नाच्या खरेदीचं वगैरे दोघं आपसात बघत असतील.

मधल्या एका रविवारी भाऊ घरी नव्हते. "शेडमध्ये गेलेत," इंदुमती म्हणाली. "त्यांचं इंजिन आज कापतायत. नका जाऊ म्हटलं, तरी गेले." दुपारी भाऊ आले. हातपाय धुतले. माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि त्या पितळी सांगाड्याकडे बघत राहिले. ज्या इंजिनावर त्यांनी निम्मं आयुष्य काढलं होतं, त्याचे त्यांच्या डोळ्यांदेखत तुकडे झाले होते.

"सर," ते म्हणाले, "हे एवढं चालवून द्या."

तोपर्यंत मी चासी बनवत होतो ती कुणाला तरी दाखवण्यासाठी. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी पहिल्यांदाच असा बसलो की मी कसा दिसतोय याचा विचारच डोक्यात आला नाही. पुढचा आठवडा मी वर्कशॉपमध्ये आसांची भोकं पुन्हा घासली, एकेक कड सरळ केली, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही बैठकीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि फरशीवर रूळ जोडले. भाऊंनी ट्रान्सफॉर्मरचं बटण फिरवलं. इंजिन थरथरलं, आणि चालू लागलं. मागे.

"तारा उलट्या लागल्या," इंदुमती म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. आणि ते तेवढं खरं होतं.

तारा बदलल्या. या वेळी ते पुढे गेलं. आधी अडखळत, मग सरळ, रॉड खालीवर करत, बारीक घरघर करत ते स्टुलाच्या पायांमधून निघून खिडकीखालच्या वळणावर गेलं. भाऊ उकिडवे बसले होते. त्यांचा उजवा हात नकळत वर उचलला गेला होता, मूठ अशी वळलेली, जणू इंजिनाचा दांडा तिच्यात आहे. वळण आलं तशी त्यांनी ती मूठ अलगद मागे घेतली. दोन फेऱ्या त्यांनी अशा चालवल्या. मग ते डोळे पुसत उठले. "गफूरला बोलावतो," ते म्हणाले. गफूरमिया त्यांचे जुने फायरमन, मागच्या गल्लीत राहायचे. चप्पल न घालताच भाऊ बाहेर पडले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. इंजिन फिरत होतं.

"एक सांगू?" इंदुमती म्हणाली. "आम्ही नकार कळवल्यावर तुम्ही लगेचच्या रविवारी दारात उभे राहिलात, तेव्हा मला तुमचा राग आला होता. म्हटलं, चिकट माणूस दिसतोय. पण तुम्ही कधी एका शब्दाने विषय काढला नाहीत. मनात काही न ठेवता, भाऊंसाठी येत राहिलात. दुसरा कुणी पुन्हा या घराचा उंबरा चढला नसता. तुमच्याबद्दल माझं फार चुकलं."

इंजिन खिडकीकडून निघून माझ्या गुडघ्याशी आलं आणि पुढे गेलं.

आता माझी अवस्था बघा. एका क्षणात मला दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक म्हणजे नकार, कित्येक महिने शिळा. दुसरी म्हणजे मोठेपणा, आयता आणि ताजा. भाऊंचे भरलेले डोळे, पडद्यामागची सावली, मामाचं उघडून मिटलेलं तोंड, सगळं मला एकदम उमगलं. मी फक्त गप्प बसायचं होतं. नजर जरा खाली, एक उसासा, "जाऊ द्या हो, त्यात काय" एवढं म्हणायचं. जन्मभर पुरेल इतका उदार माणूस तयार होता. मी नजर खालीही केली. इंजिन परत आलं. ते गेलं. पुन्हा आलं. तोंडात स्क्रू नव्हता.

"मला माहीतच नव्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"नकार. मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटत होतं, तुम्ही विचार करताय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"जावई म्हणून येत होतो."

ती हसली नाही लगेच. आधी तिने ओठ दाबले, मग पदर तोंडाला लावला, मग तिला ते आवरेना. ती भिंतीला टेकून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, जरा थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाली. मलाही हसू यायला लागलं. स्वतःवर हसणं जमतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"नकार का दिला होता?" मी विचारलं.

"तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत. लक्षात येतंय का, एवढंच विचारत होतात."

"आलं होतं ना लक्षात?"

"तुमच्यापेक्षा जास्त," ती डोळे पुसत म्हणाली. मग इंजिनाकडे बघत, "माळ्यावर या गाडीचे डबे आहेत. त्यांचेही सांगाडे गेलेत."

तेवढ्यात भाऊ गफूरमियांना घेऊन आले. दोन म्हातारे जमिनीवर बसले आणि मला त्या खोलीत काही काम राहिलं नाही. मी जळगावला परत आलो.

आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो. "आई, बोंड्यांकडून नकार आला होता?"

तिचा हात थांबला. "आला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते रे. ओंकारदादा तेवढ्यासाठीच आला होता. पण तू कॅलिपर पुसत बसला होतास, आणि जरा वेळाने उठून शर्टाला इस्त्री करायला लागलास. आपण होऊन. मला धीर झाला नाही. म्हटलं, एक रविवार जाऊ दे. मग दुसरा गेला." तिने ताट बाजूला ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. हसली खूप. आणि म्हणाली, माळ्यावर डबे आहेत."

"डबे आहेत म्हणजे? होकार?"

"तसंच असावं."

"असावं? तू विचारलं नाहीस?"

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा चपला घातल्या. भुसावळकडे जाणारी संध्याकाळची गाडी मिळाली. दिवेलागणीला मी बोंड्यांच्या दारात होतो, हातात ना हत्यारांची पिशवी, ना चासी. काहीच नव्हतं.

दार इंदुमतीनेच उघडलं. मागे बैठकीत घरघर चालू होती. म्हातारे अजून उठले नव्हते.

"काय विसरलात?" तिने विचारलं.

"विचारायचं," मी म्हणालो. आणि तिथेच, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून, मी विचारलं. साध्या एका वाक्यात.

आतून भाऊंची हाक आली, "कोण आहे ग इंदू?"

ती दारातून बाजूला झाली.

"आपलेच आहेत, भाऊ," ती म्हणाली.